आंब्याचा जामीन

आमच्या घरात प्रत्येकाकडे एकेक खातं होतं. स्वयंपाक आईचा, रेडिओ दादाचा आणि आंबा अण्णांचा. माझ्याकडे उलट बोलण्याचं खातं आहे असं सगळे म्हणत, आणि ते मी इमानेइतबारे सांभाळलं. अण्णा म्हणजे माझे वडील. राजापूरकडचे, मुंबईत एका कचेरीत कारकून. खाडीपलीकडे नवी वसाहत होते आहे असं कानावर आल्यावर परळच्या चाळीतली जागा सोडून सानपाड्याला बैठं घर घेणारे आमच्या नात्यातले ते पहिले. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. तिथे मिठागरं, चिखल आणि डास यांच्याशिवाय काय आहे, असं काका विचारायचे, आणि खरं सांगायचं तर फारसं काही नव्हतंच. अण्णांनी मात्र घराचा ताबा मिळाल्यावर पहिलं काम कोणतं केलं असेल तर गावाहून हापूसचं कलम एसटीत मांडीवर घेऊन आणलं आणि मागच्या उघड्या पट्टीत लावलं. नळाला पाणी यायच्या आधी आमच्याकडे आंबा आला, हे आई आल्यागेल्याला सांगायची, आणि ते कौतुक नसायचं.

घर तीन खोल्यांचं, एकामागे एक. बाहेरची खोली, मधली खोली, मग स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे ती पट्टी. आई साताऱ्याकडची, कोरेगावजवळच्या खेड्यातली. माहेरी चुलीपुढे बसून आणि चाळीत मोरीला लागून स्टोव्हपुढे बसून तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. सानपाड्याच्या घरात तिला पहिल्यांदा ओटा मिळाला. काळ्या कडाप्प्याचा, खिडकीखाली, तिच्या कमरेच्या उंचीचा. उभं राहून स्वयंपाक करता येतो या गोष्टीचा आनंद तिने तोंडाने कधी बोलून दाखवला नाही, पण दिवसातून कितीतरी वेळा ती तो ओटा पुसायची, आणि त्यावर दुसऱ्या कोणी काही ठेवलेलं तिला खपायचं नाही. अण्णांसाठी ती मासे करायला शिकली होती, आणि अण्णा तिच्यासाठी ठेचा खायला. त्या खिडकीतून माशाच्या तिखळ्याचा वास मागच्या आंब्यात जायचा आणि दुपारी आंब्यातल्या कावळ्यांचा कलकलाट आत यायचा. पलीकडे गजाकाकांच्या म्हशी हंबरायच्या. गजाकाका जुन्या गावातले आगरी. आमच्या घरांची सगळी ओळ ज्या जमिनीवर उभी होती, तिथे पूर्वी त्यांचं भातशेत होतं. ते हे कधी ऐकवायचे नाहीत, पण आमच्या घराला शेवटपर्यंत ‘खालचं शेत’ म्हणायचे.

हापूस मोठा झाला आणि फळायला लागला. पण त्याची एक खोड होती, जी त्या जातीचीच आहे. एका सालाला एवढा लगडायचा की फांद्यांना टेकू लावावे लागत, आणि पुढच्या सालाला एक कैरी चटणीला मिळायची नाही. अण्णा त्याला ‘आमचा लहरी जावई’ म्हणायचे. हल्ली मी सीवूड्सला अकराव्या मजल्यावर राहते आणि आंबे पेटीने घरपोच येतात, दरवर्षी, न चुकता. बागायतदार खोडाशी औषध ओततात आणि झाडाला वर्षाआड विसावा घेऊ देत नाहीत. मी ते आंबे खाते, चवीला वाईट नसतात. पण झाडाला सुट्टी लागते हे मला तरुणपणी कळलं ते पुस्तकातून कळलं नाही, आणि त्याबद्दलच मला इथे लिहायचं आहे.

मी तेव्हा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. खाडीच्या पुलावरून बसने मुंबईला जायचं आणि यायचं. सरांनी मला जो विषय दिला होता तो घरी कोणाच्या पचनी पडला नव्हता. आंब्याच्या वेगवेगळ्या जातींच्या फांद्यांत मोहोराच्या आधी पिष्ट किती साठलेलं असतं, हे बघायचं. झाडाची पानं ऊन घेऊन साखर करतात हे शाळेत सगळे शिकतात. ती सगळी साखर झाड लगेच वापरत नाही. उरलेली पिष्ट करून फांद्यांत, खोडात, मुळांत ठेवून देतं. थंडीत मोहोर येतो आणि पुढे फळ पोसलं जातं, ते बरंचसं या शिलकीवर. माझं काम कंटाळवाणं होतं. फांदीच्या शेंड्याचा करंगळीएवढा तुकडा घ्यायचा, ब्लेडने पातळ काप काढायचे आणि त्यावर आयोडिनचा थेंब टाकायचा. पिष्ट असेल तर काप निळाकाळा होतो. नसेल तर आयोडिनचा तपकिरी रंग तसाच राहतो. नीट मोजमाप कॉलेजात करायचं, पण हे थेंबाचं काम घरीही होत होतं, आणि घरी करायला जागा एकच होती, आईचा ओटा.

“काड्या किसून पोट भरत नाही,” असं दादा म्हणायचा. तो तुर्भ्याला एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि घरात पगार आणत असल्याने त्याला मतं होती. एम.एस्सी. झाल्यावर मी पुढे शिकायचं की माझं लग्न बघायचं, हा प्रश्न तेव्हा घरात हवेत होता. कोणी भांडत नव्हतं, पण माझ्या काड्यांकडे बघण्याची सगळ्यांची नजर त्या प्रश्नातून यायची. एकट्या आईला उत्सुकता होती, आणि तीसुद्धा तिच्या बश्या डागाळायला लागल्यावर सुरू झाली.

“काय करून ठेवलंस हे बशीचं?” तिने विचारलं. मी तिला दाखवावं म्हणून ताटातला शिजलेला भात चिमूटभर घेऊन त्यावर थेंब टाकला. भात काळा पडला. मग गजाकाकांच्या कुंपणातल्या जुन्या रायवळाचा काप दाखवला, तोही काळा. शेजारच्या ओळीत एका आंध्रातल्या कुटुंबाने तोतापुरी लावला होता, त्याचा निळसर. तोतापुरी दरवर्षी बेताने फळतो आणि बेताने शिल्लक ठेवतो. रायवळ या वर्षी एका बाजूने फळतो तर पुढच्या वर्षी दुसऱ्या, म्हणून त्याची एक बाजू नेहमी भरलेली असते. शेवटी आमच्या हापूसचा काप. त्यावर थेंब तपकिरी तो तपकिरीच राहिला. मागच्या उन्हाळ्यात तो लगडला होता आणि होतं नव्हतं ते देऊन बसला होता.

“म्हणजे झाडात भात असतो म्हण की,” आई म्हणाली.

“तसंच काहीसं.”

“आणि आपल्याच्या पोटात नाही.”

“नाही.”

“मग मोहरणार कशाच्या जिवावर?” असं म्हणून तिने बशी उचलली आणि राखेने घासायला घेतली.

दादाचं लग्न त्याच दिवसांत ठरलं. मुलगी पसंत होती, पण तिचं बी.एड. पुरं व्हायचं होतं, म्हणून लग्न येत्या नव्हे तर त्याच्या पुढच्या वैशाखात करायचं होतं. दादाला त्याआधी मागच्या पट्टीवर खोली बांधून हवी होती. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ओळीतल्या बहुतेकांनी मागे खोल्या काढल्या होत्या, गवंडी ओळखीचा होता, आणि लग्न झालेला मुलगा मधल्या खोलीत आईबापांच्या शेजारी कसा झोपणार? अडचण एकच होती. खोली जिथे व्हायची, तिथे बरोबर मधोमध हापूस होता. अण्णा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. “बघू या,” म्हणायचे, आणि संध्याकाळी झाडाखाली जाऊन उभे राहायचे.

आता अण्णांच्या गावाकडची एक रीत सांगायला हवी. जो आंबा फळ धरायला कुचराई करतो, त्याला मोहोराच्या आधी, मार्गशीर्षात, दटावतात. मालक कोयता घेऊन झाडापुढे उभा राहतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो की, हे झाड खातं, पितं, देत नाही, आज याला तोडणार. मग शेजारपाजारचा कोणी विचारतो, याला जामीन कोण? घरातला एकजण पुढे होऊन म्हणतो, मी जामीन, येत्या सालाला देईल. जामीन काहीतरी कबूल करतो, बहुतेक वेळा नारळ. त्यानंतर कोयता खाली येतो आणि सगळे चहा पितात. एक नियम मात्र पक्का. वर गेलेला कोयता जामिनाशिवाय खाली येत नाही. आला तर झाडावरच यायचा. आमच्याकडे हे आड वर्षाला, न फळण्याची पाळी तोंडावर आली की व्हायचं, आणि जामीन कोणी ना कोणी पाहुणा राहायचा आणि पुढे नारळ देऊन मोकळा व्हायचा. त्या साली अण्णांनी मला सांगितलं, “शैलू, या खेपेला तू जामीन राहा. तू झाडांचं शिकतेस.” मी बरं म्हटलं. खरं तर मी नीट ऐकलंच नव्हतं.

रविवारची सकाळ होती. दादा ओट्याच्या खिडकीजवळ मशेरी लावत उभा होता. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, “आज जामीन मिळाला नाही तर उद्या गवंड्याला बोलावतो.” तो हसत म्हणाला आणि अण्णाही हसत “ठरलं” म्हणाले. कुंपणापलीकडे गजाकाका आणि त्यांचा भाऊ उभे होते. अण्णांनी कोयता खांद्याच्या वर नेला आणि घसा खाकरून म्हणाले, “हे झाड खातं, पितं, देत नाही. आज याला तोडणार.”

“थांब रं,” गजाकाका म्हणाले. “याला जामीन कोन हाय?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “येत्या सालाला नाही देणार ते.”

अण्णांना वाटलं मी वाक्य विसरले. त्यांनी हळूच पढवलं, “देईल, म्हण.”

“पण नाही देणार अण्णा. त्याच्यात साठाच नाही. मी परवाच काप काढून बघितलाय, रिकामं आहे ते. मी जामीन कशी राहू?”

दादाला हसू फुटलं. गजाकाकांचा भाऊही हसला. “घ्या, घरच्याच साक्षीदारानं कबुली दिली,” दादा म्हणाला. “एवढं शिकून हेच का शिकलीस गं?” त्यावर अण्णा म्हणाले, “अगं बाई, नुसतं म्हणायचं असतं,” आणि तेही हसले, पण त्यांचा हात वरच होता. मी म्हटलं, “खोटं कशाला म्हणायचं?” आणि तेवढ्यावर मी थांबले नाही, पुढे पिष्ट, साखर, मुळं असं बरंच काही सांगायला लागले. कोणी ऐकत नव्हतं. आजही मला कोणी तिथे उभं केलं तर मी हेच सांगेन, मला त्याबद्दल काही वाटत नाही. पण अण्णांना तेव्हा काय वाटलं असेल, हे मला फार नंतर कळलं. त्यांना झाड तोडायचंच नव्हतं. दादाला माझ्या शिक्षणाचा दाखला देऊन गप्प करता येईल म्हणून त्यांनी मला पुढे केलं होतं.

“जामीन नाय त कोयता खाली कसा यायाचा?” गजाकाका म्हणाले. आता ते हसत नव्हते. अण्णांनी कोयत्याला दुसरा हात लावला. साठीला आलेला माणूस, लोखंडाचा जड कोयता, किती वेळ धरणार? दादानेही मशेरीचं बोट तोंडातून काढलं.

तेवढ्यात आई मागच्या दारात आली. हाताला पीठ होतं. “मी राहते जामीन,” ती म्हणाली. आमच्या लग्नकार्यांतसुद्धा पुढे न होणारी बाई, आणि ही रीत तर तिच्या माहेरची नव्हेच. अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. ती गजाकाकांना म्हणाली, “येत्या सालाला नाही देणार, पोरगी सांगतेय ना. पोट रिकामं आहे त्याचं. एक साल भरू द्या. पुढच्या सालाला देईल.”

“बदल्यात काय देशील वयनी?” गजाकाकांनी विचारलं, कारण ते विचारावंच लागतं. आम्हाला वाटलं नारळ म्हणेल.

“पुढच्या सालाला नाही फळलं तर माझं स्वयंपाकघर घ्या खोलीला. मी मागं पत्र्याखाली रांधीन.”

आत कुकरची शिट्टी झाली तशी ती वळून गेली. अण्णांनी कोयता खाली घेतला आणि दंड चोळत झाडाच्या बुंध्याशी बसले. मग चहा झाला.

त्या उन्हाळ्यात झाडाला एक कैरी आली नाही. माझं खरं ठरलं, पण त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही, कारण न फळण्याची त्याची पाळीच होती. दादा आईला जामीनदारबाई म्हणून हाक मारायचा. ती ओ द्यायची. पावसाळाभर झाड काळ्याभोर पानांनी भरलं, आणि भाद्रपद सरल्यावर आई स्वतःच शेंड्याच्या काड्या तोडून माझ्यापुढे ठेवायला लागली. थेंब टाकला की माझ्या खांद्यावरून वाकून बघायची. आधी कडेने निळसर, मग आतपर्यंत निळा. दिवाळीनंतर तर काप रायवळासारखा काळा झाला.

“भरलं?” तिने विचारलं.

“भरलंय. पण फळेलच असं मी सांगू शकत नाही. साठा आहे, एवढंच.”

“मी एवढंच विचारलंय,” ती म्हणाली.

पौषात झाड असं मोहरलं की पान दिसेना. स्वयंपाकघरात फोडणीच्या वर मोहोराचा वास यायचा. अण्णा आल्यागेल्याला मागे नेऊन दाखवायचे, आणि दादाने सुताराला मधल्या खोलीत लाकडी पार्टिशनचा विचार सांगून ठेवला. मग माघात मळभ आलं. खाडीवरून सकाळचं धुकं उतरायचं ते दुपारपर्यंत हलायचं नाही. मोहोरावर तुडतुडे पडले, पानांवर चिकटा आला, बघता बघता मोहोर काळा पडून गळायला लागला. अण्णांनी तंबाखूचं पाणी मारलं, धूर केला, मी सरांना विचारून औषध आणलं, तोवर उशीर झाला होता. चैत्रात पानांआड इकडेतिकडे चुकार कैऱ्या लटकलेल्या होत्या, सगळ्या एका परडीत मावल्या असत्या.

याला फळणं म्हणायचं की नाही, यावर घरात बोलणं झालं. दादा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “आई, राहू दे. आपण पार्टिशन टाकू.” अण्णा म्हणाले, “आभाळ आलं त्याला कोण काय करणार? झाडानं तर मोहोर दिला होता.” आईने दोघांचं ऐकून घेतलं. “आभाळ आलं तर सोडा, असं मी तेव्हा म्हटलं नव्हतं,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबे काढायला लागली. तिला कोणी अडवू शकलं नाही. गजाकाका येऊन रदबदली करून गेले. तिने त्यांनाही चहा दिला आणि पाटा उचलायला हात लावा म्हणून सांगितलं.

गवंड्याने ओटा फोडला तेव्हा कडाप्पा मधोमध तडकला. त्यातला बरा तुकडा आईने मागे नेऊन विटांवर ठेवला, पण तो बुटका झाला, उभं राहून काही करता येण्यासारखा नव्हता. पत्र्याचं छप्पर आंब्याच्या बुंध्याला टेकवून घातलं. वैशाखात लग्न झालं, वहिनी आली आणि स्वयंपाकघराच्या जागी तिचा पलंग लागला. झाड पुढल्या सालापासून पुन्हा फळलं, आणि त्यानंतर खूप वर्षं आपल्या पद्धतीने एकाआड एक फळत राहिलं. आता तिथे सात मजली इमारत आहे. आईने मात्र शेवटपर्यंत त्या पत्र्याखालीच रांधलं.

लग्नाचे पाहुणे पांगल्यावर एका सकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. पत्रा तापायला लागला होता आणि ती स्टोव्हला पंप मारत होती. मला तिचा राग आला होता. इतक्या दिवसांचा दाबलेला राग होता तो. मी म्हटलं, “एका हापूसपायी तू ओटा घालवलास.”

“हापूसपायी कशाला? मला तर तो मेला गोडमिट्ट लागतो. आमच्याकडचा चोखायचा आंबा बरा.”

“मग अण्णांसाठी?”

“त्यांनी घेतलं असतं चार दिवस वाईट वाटून.”

“मग जामीन का राहिलीस?”

तिने स्टोव्ह पेटवला, ज्योत निळी होईपर्यंत बघत राहिली. “तू एवढी पाच वर्षं त्या पुलावरनं येजा केलीस,” ती म्हणाली. “त्या दिवशी पहिल्यांदा घरात काही शिकलेलं बोललीस, आणि सगळे बापे तुला हसले. तेव्हाच झाड तुटलं असतं तर तुझं खरं की खोटं, ते कुणाला कळणार होतं? दोन सालं तर पाहिजेत ना त्याला. रिकामं म्हणालीस, रिकामं निघालं. भरलं म्हणालीस, भरलं. दिसलं सगळ्यांना. मी काय आंब्याला जामीन राहिले होते व्हय?”

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला, आणि दोन्ही तिला सांगायचं राहून गेलं.

“पुढं शिकायचं असेल तर अण्णांना मी सांगते,” ती म्हणाली. “तू सांगायला गेलीस की भांडण होईल.” मग गुडघ्यावर हात टेकून ती खाली बसली, परात पुढे ओढली आणि भाकऱ्या थापायला लागली.